सूचना : रेटिंग कळवताना

सर्व सदस्यांनी कृपया लक्ष द्यावे. बुद्धिबळाच्या डावांच्या जोड्या लावण्यासाठी रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) पाठवताना अ‍ॅपचे नाव आणि खेळाचा प्रकार लिहाच. नुसते ‘१६५०’ एवढे पाठवले तर काहीच बोध होत नाही. लिचेस हे ऑनलाइन बुद्धिबळाचे अ‍ॅप रेटिंग काढायला ग्लिको-२ ही पद्धत वापरते, तिथे नवा खेळाडू १५०० वर सुरू होतो. चेस डॉट कॉम या दुसऱ्या अ‍ॅपचे आकडे वेगळे, फिडेचे (जागतिक बुद्धिबळ महासंघाचे) एलो पद्धतीचे रेटिंग तर आणखी वेगळे. बुलेट, ब्लिट्झ, रॅपिड या कमी-जास्त वेळेच्या प्रकारांचे रेटिंगही स्वतंत्र.

लिचेसवर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असेल तर तेही कळवा, लपवू नका. रेटिंग अजून स्थिरावलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी एकेका डावात आकडा मोठ्या उड्या मारतो. खेळत राहिलात की चढउतार आपोआप कमी होतात. बरेच दिवस खेळला नाहीत तर अनिश्चितता पुन्हा वाढते.

‘बरोबरी केली तरी गुण गेले’ ही तक्रार सारखी येते. एलोच्या हिशेबात रेटिंगमध्ये २००ने वरचढ खेळाडूकडून डावाच्या सुमारे ७६ टक्के गुणांची अपेक्षा असते. बरोबरीत पन्नास टक्केच मिळतात. मग रेटिंगचे गुण जाणारच, अ‍ॅप बिघडलेले नाही!

रेटिंग जपण्यासाठी दुसरे खाते काढून खेळणाऱ्यांची नोंदणी घेतली जाणार नाही.