कोड दिसला की पार्ट बदलायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन महिने माझी ९ वर्षांची डिझेल गाडी मुंबईहून परतताना कसारा घाटात ढेपाळत होती. 'चेक इंजिन'चा दिवा लागायचा, पिकअप जायचा. मागे कंटेनरची रांग आणि शेजारी ८५ वर्षांची आई. कडेला घेऊन बंद-चालू केली की गाडी नाशिकपर्यंत विनातक्रार यायची.

शहरातल्या एका वर्कशॉपने गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. पी०१८३ हा कोड आला, म्हणजे इंधनाच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. त्यांनी सेन्सर बदलला. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग पंप गेलाय म्हणून ४२ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं.

मी आयटीआयमध्ये २६ वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. या कोडवरून सेन्सरच गेला असं ठरत नाही. या सेन्सरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा रोध) गारव्याने वाढतो, उष्णतेने उतरतो. तार तुटली तर गाडीच्या संगणकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि डिझेल उणे ४० अंशांवर आहे असं तो धरून चालतो.

घरी इंजिन चांगलं तापवलं, स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे डिझेलच्या तापमानाचा त्या क्षणाचा आकडा लावला आणि कपलरपासून (सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लगपासून) वायरिंग हाताने हलवत गेलो. ५४, ५४, ५५, आणि एका जागी एकदम उणे ४०! बोट काढलं की पुन्हा ५५. डिझेल एका क्षणात ९५ अंशांनी गार होत नसतं. कपलरपासून चार बोटांवर वेष्टण वरून धड होतं, आतल्या तांब्याच्या तारा तुटलेल्या. इंजिन गार असताना त्या एकमेकींना टेकत, तापलं की सुटत. वर्कशॉपमध्ये गाडी रात्रभर उभी राहायची आणि सकाळी गार इंजिनावर तपासली जायची, मग दोष दिसणार कसा? वीतभर वायर जोडली, १५० रुपयेसुद्धा लागले नाहीत. त्यानंतर भर दुपारी चार वेळा घाट चढलोय.

काढलेला जुना सेन्सर मी मागून घेतला होता. गरम पाण्यात धरून मल्टिमीटर लावला, तर पाणी तापेल तसा रेझिस्टन्स सलग उतरत गेला. म्हणजे चांगला सेन्सर काढून टाकला होता.

वर्कशॉपचालकांना कळकळीची विनंती आहे. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि इंजिनचं तापमान बहुतेक गाड्यांच्या संगणकात साठलेलं असतं. ते जॉबकार्डवर (गाडीच्या कामाच्या नोंदपत्रावर) उतरवा, बदललेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्या. आणि गिऱ्हाइकांनो, त्रास गरम इंजिनावर होत असेल तर 'इंजिन गरम करून तपासावी' हे जॉबकार्डवर लिहून घ्या, त्याशिवाय सही करू नका.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, सिडको, नाशिक