एच-वनची वही एकदा उघडून बघा

प्रति,
माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ठाणे जिल्ह्यातल्या औषध दुकानांमधली शेड्यूल एच-१ची नोंदवही

महोदय,
स. न. वि. वि.

मी नौपाड्यात राहतो. कॉलेजात पस्तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी जिवाणूंच्या अंगावरची चरबी तपासण्यात घालवली. घरी यावर अजून हसतात. बायको पाहुण्यांना सांगायची, "लोक तूप कढवतात, आमचे हे जंतूंची चरबी कढवतात." तर हे पत्र त्या चरबीबद्दल आहे, आणि आपल्या खात्याच्या एका वहीबद्दल. दोन्हींचा संबंध आहे, थोडा धीर धरा.

जुलैतली संध्याकाळ, धो धो पाऊस. मी मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभा. पुढे एका सोसायटीचा वॉचमन, रेनकोट निथळतोय, अंगात ताप असल्याचं डोळ्यांवरून दिसत होतं. "मागच्या टायमाला दिलेली ना, तीच द्या. दोन." काउंटरवरच्या पोराने ड्रॉवर ओढला, सेफिक्सिम या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) पट्टी काढली, कात्रीने दोन गोळ्या कापल्या आणि खाकी पाकिटात टाकल्या. ना चिठ्ठी, ना बिल. डॉक्टरशिवाय घेऊ नका असं सांगणारी लाल रेघ उरलेल्या आठ गोळ्यांबरोबर ड्रॉवरमध्ये परत गेली.

सेफिक्सिम शेड्यूल एच-१मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या औषधांच्या एका यादीत आहे. १ मार्च २०१४पासून या यादीतलं औषध विकताना लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा कायदा आहे. मी मालकांना विचारलं, "वही ठेवता ना?" "ठेवतो की काका. महिनाअखेरीला बसून भरून टाकतो." नावं कुठून आणता, हे विचारल्यावर ते नुसते हसले.

दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. तेवढ्यावर धाड पडेल आणि विषय संपेल. त्या रांगेतल्या उरलेल्या चार दुकानांत वेगळं काही घडत असेल, असं मला वाटत नाही. शिवाय त्या वॉचमनला दवाखान्यात तपासणीचे तीनशे आणि वर एक खाडा परवडत नाही, हेही मला कळतं. त्याच्यावर राग नाही.

आता माझं पुराण. पावसाळ्याआधी आपल्याकडे जुन्या चाळींच्या आणि झोपड्यांच्या छपरांवर निळी ताडपत्री चढते. ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या जिवाणूंच्या अंगावरही अशीच एक ताडपत्री असते. शास्त्रात यांना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांना आतलं एक पटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, असतंच, त्यावर हे दुसरं, बाहेरचं. या बाहेरच्या पटलाचा वरचा पदर लिपिड ए नावाच्या चरबीवर उभा असतो. ई. कोलायच्या एका पेशीवर तिचे साधारण दहा लाख रेणू असतात. प्रत्येक रेणूवर फॉस्फेटचे ऋणभार. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन दोरीसारखे बांधलेले असतात. दोऱ्या घट्ट, तोवर बरीचशी प्रतिजैविकं बाहेर ताटकळतात. सेफिक्सिमसारखी औषधं या ताडपत्रीतल्या बारीक भोकांमधून कशीबशी आत शिरतात. आपल्याला भरणारी थंडी, चढणारा ताप आणि जंतू रक्तात पसरला की कोसळणारा रक्तदाब, यामागेही बऱ्याचदा हेच लिपिड ए असतं.

हे सगळं आज पाठ्यपुस्तकात आहे, ते बऱ्याच अंशी ख्रिश्चन रेट्झ या जीवरसायनशास्त्रज्ञामुळे. जन्म बर्लिनचा, शिक्षण हार्वर्डचं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना ते शोधत होते भलतंच. पटलातली दुसरीच एक चरबी नीट न बनवणारे ई. कोलायचे बिघडलेले वाण ते जमवत होते. त्यातल्या एका वाणात अनोळखी पदार्थ साठलेला सापडला. काय आहे ते कळेना, म्हणून नाव ठेवलं लिपिड एक्स. १९८३ साली त्याची रचना उलगडली, तेव्हा कळलं की हा तर लिपिड ए बनण्याच्या वाटेवरचा कच्चा माल. मग त्या टोकाला धरून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अख्खी वाट शोधली. नऊ एन्झाइमं, एकामागून एक. रेट्झ २०११मध्ये गेले. आज त्या वाटेला त्यांचंच नाव आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एवढी ऐपत नव्हती. आम्ही क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलने चरबी काढायचो, सिलिकाच्या काचेवर थेंब थेंब लावायचो आणि काच आयोडीनच्या बरणीत उभी करायचो. पाच-दहा मिनिटांत तपकिरी डाग उमटायचे, सगळ्यात मोठा फॉस्फेटिडिल-इथेनॉलअमाइनचा. पोरं काच हातात घेऊन खिडकीशी पळायची, कारण आयोडीन उडालं की डाग फिके पडतात. पेन्सिलीने भराभर गोल करायचे. हातांचा वास दोन दिवस जायचा नाही.

हे एवढं सांगण्याचं कारण माझा थोरला भाऊ. काही वर्षांपूर्वी तो एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होता. वहिनीने कल्चरच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. क्लेबसिएला. खाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर आर, आर, आर. म्हणजे औषध लागू नाही. सेफिक्सिमच्या भावंडांसमोर आर, त्यांच्यावरची पायरी असलेल्या मेरोपेनेमसमोर आर. सगळ्यात शेवटी उरलं होतं कोलिस्टिन.

कोलिस्टिन जुनं औषध, १९४०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सापडलेलं. ते थेट लिपिड एवर जाऊन बसतं, मॅग्नेशियमच्या दोऱ्या सोडवतं आणि ताडपत्री फाडतं. पण मूत्रपिंडांना इजा करतं, म्हणून डॉक्टरांनी १९७०च्या दशकात ते मागे टाकलं होतं. बाकीची औषधं निकामी होत गेली तसं नाइलाजाने पुन्हा बाहेर काढावं लागलं. दादा वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला. पण मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन वाढलं ते पुन्हा खाली आलं नाही, आणि आता त्याच्या ताटातलं मीठ, डाळ, टोमॅटो सगळं मोजून असतं.

तोही दरवाजा किलकिला झालाय. नोव्हेंबर २०१५मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. ते असलेला जिवाणू लिपिड ए-च्या फॉस्फेटवर एक जास्तीचा तुकडा चिकटवतो. तुकडा कसला? आमच्या काचेवरच्या त्याच सगळ्यात मोठ्या डागातला, फॉस्फोइथेनॉलअमाइन. ऋणभार झाकला जातो आणि कोलिस्टिनला पकडायला गाठच सापडत नाही. शिवाय हे जनुक प्लास्मिडवर असतं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे हातोहात जातं. सरकारने जुलै २०१९मध्ये कोंबड्या, मासे आणि इतर खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, त्याबद्दल मनापासून आभार. तसं ठाम पाऊल माणसांच्या औषधांच्या काउंटरवर कुठे दिसलं नाही.

नवीन औषध येईल की, असं आपले अधिकारी म्हणतील. रेट्झ यांच्या वाटेवरच्या एलपीएक्स-सी या एन्झाइमला अडवण्यासाठी कंपन्यांनी दोन दशकांहून जास्त खटपट केली. त्यातून दुकानात एकही गोळी आलेली नाही. लिपिड एवर उभा राहणारा रेणू बाहेरच्या पटलापर्यंत नेणारी यंत्रणा बंद पाडणारं झोसुराबाल्पिन २०२४च्या जानेवारीत जाहीर झालं. तेही चालतं मुख्यतः ॲसिनेटोबॅक्टर या एका जिवाणूवर, आणि अजून चाचण्यांत आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठी नव्या वर्गाचं औषध बाजारात येऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. शोधायला चाळीस वर्षं आणि बिघडवायला एक कात्री, असा हा हिशेब आहे. दोन गोळ्यांनी त्या वॉचमनच्या पोटातले नाजूक जिवाणू मरतात, चिवट उरतात. त्याला बहुधा साधा व्हायरल ताप असणार, म्हणजे त्या दोन गोळ्यांचा त्याला उपयोगही शून्य.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंशी लढायला केरळने २०१८मध्ये राज्याचा स्वतःचा आराखडा केला. २०२४पासून 'ऑपरेशन अमृत' नावाने दुकानांची अचानक तपासणी सुरू केली आणि प्रतिजैविकं निळ्या पाकिटात द्यायला लावली. त्यांच्याकडेही माणसंच राहतात, तापही येतो.

माझी मागणी छोटी आहे. ठाणे जिल्ह्यापासून सुरुवात करा. दर महिन्याला आपल्या खात्याच्या संकेतस्थळावर चार आकडे टाका : जिल्ह्यात औषध निरीक्षकांची पदं किती आणि भरलेली किती, त्या महिन्यात किती दुकानांच्या एच-१ वह्या तपासल्या, आणि त्यातल्या किती वह्यांचा घाऊक खरेदीच्या बिलांशी मेळ बसला नाही. दुकानांची नावं नकोत. शेवटचा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. सेफिक्सिमच्या पट्ट्या आल्या किती आणि वहीत गेल्या किती, एवढी वजाबाकी पुरे. आणि निरीक्षकांना एक सांगा, अक्षर बघा. तीस दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्या की ओळी कशा सरळ येतात, हे पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांची जर्नलं तपासलेल्या माणसाला लगेच कळतं. हवं तर मी बरोबर येतो.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)