भूसंपादन : संयुक्त मोजणीकडे दुर्लक्ष नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन जाणार अशी बातमी आली की गावात पहिला प्रश्न निघतो तो 'एकरी किती देणार?' हा. वृत्तपत्रांतली चर्चाही दराभोवतीच फिरते. शेतकऱ्याचे पैसे मात्र बरेचदा त्याआधीच, संयुक्त मोजणीच्या दिवशीच, म्हणजे सरकारी खात्यांचे लोक एकत्र येऊन जमीन मोजतात आणि तिच्यावरची झाडे-विहिरी नोंदवतात त्या दिवशीच, बुडालेले असतात.

2013 च्या भूसंपादन कायद्याचा हिशेब असा : ग्रामीण भागात जमिनीच्या बाजारभावाला 1 ते 2 यांमधल्या गुणांकाने गुणायचे, त्यात विहीर, झाडे, घर, पाइपलाइन यांची किंमत मिळवायची आणि या सगळ्या बेरजेवर 100 टक्के दिलासा रक्कम द्यायची. समजा एका एकराचा बाजारभाव 10 लाख, गुणांक 2, विहीर व झाडे मिळून 4 लाख. बेरीज 24 लाख, भरपाई 48 लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत बाजारभावावर वर्षाला 12 टक्के. आता विहीर आणि झाडे मोजणीपत्रकात आलीच नाहीत, तर नुकसान 4 लाखांचे नाही, 8 लाखांचे होते.

आणि ती पत्रकातून राहून जातात. जमिनीखालची पाइपलाइन कुणाला दिसत नाही. डाळिंबाची बाग पीक पाहणीत नोंदलेली नसते, म्हणून बागायत जमीन जिरायत ठरते. झाडांची नुसती संख्या लिहिली जाते, वय लिहिलेच जात नाही. मूल्यांकन तर वयावर आणि जातीवर अवलंबून. त्यामुळे मोजणीच्या वेळी खातेदाराने स्वतः बांधावर हजर राहावे. विहिरीची खोली, व्यास, बांधकाम. झाडाची जात, वय, संख्या. पाइपचा व्यास आणि लांबी हे सगळे पत्रकात लिहून घ्यावे. तारीख व ठिकाण उमटणारे फोटो काढावेत. कोऱ्या पत्रकावर सही करू नये. काही राहिले असेल तर सहीजवळच हरकत लिहावी आणि प्रत मागून घ्यावी.

सात-बारावर अजून आजोबांचेच नाव असेल तर वारस नोंद आताच करून घ्यावी. हक्काचा वाद राहिला तर भरपाई भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि तिथून ती सोडवून घेण्यात वर्षे जातात.

दराबाबत एकच सांगतो. बाजारभाव ठरवताना मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेला जमिनीचा दर आणि जवळच्या गावातल्या तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांची सरासरी, यांतला जास्त आकडा धरतात. ही सरासरी सगळ्या खतांची नसते. जास्त किंमत दाखवलेल्या निम्म्या खतांचीच असते. दुय्यम निबंधकाकडून सूची दोनचे (नोंदलेल्या खरेदीखतांतील किंमत दाखवणारे) उतारे काढून हा हिशेब स्वतः पडताळता येतो. मुद्रांक वाचवण्यासाठी गावाने वर्षानुवर्षे खतात किंमत कमी दाखवली असेल, तर त्याचा फटका इथे बसतो.

नोटीस हाती आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी पाहावे. 2013 च्या कायद्यात कलम 11 च्या प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात फक्त 21. महामार्गाच्या निवाड्याविरुद्ध लवादाकडे जावे लागते, 2013 च्या कायद्यात कलम 64 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवायला सांगावे लागते. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहाच आठवडे असतात. रक्कम उचलताना 'हरकत राखून स्वीकारली' असे लिहून दिले नसेल, तर कलम 77 प्रमाणे हा अर्जच करता येत नाही. पावतीवर एक ओळ लिहायची राहून गेल्याने वाढीव भरपाईचा मार्ग कायमचा बंद होतो, आणि ही गोष्ट भरपाई वाटताना खातेदाराला बहुधा कुणी सांगत नाही.

थेट खरेदीत, म्हणजे संमतीने जमीन शासनाला विकली तर, 25 टक्के जादा मिळतात, हे खरे. पण खरेदीखत झाले की निवाडा नाही, म्हणून कलम 64 चा अर्जही नाही. मोजणीतली चूक दुरुस्त झाल्याशिवाय संमती देऊ नये.

उरलेल्या तुकड्याचा विचार फार कमी लोक करतात. रस्ता मधून गेला की विहीर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला राहते, गाडीवाट तुटते. या नुकसानीचीही भरपाई कलम 28 खाली मागता येते, मात्र ती कलम 21 च्या (हक्क व मागण्या मांडायला सांगणाऱ्या) नोटिशीला उत्तर देताना लेखी मागायला हवी. घराचा काही भागच जात असेल तर पूर्ण घर घ्या असा आग्रह कलम 94 प्रमाणे धरता येतो.

मालमत्तेचा हक्क 1978 च्या घटनादुरुस्तीने मूलभूत राहिला नाही, तरी अनुच्छेद 300-अ आहे. त्यात नोटीस मिळण्याचा आणि म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क सामावलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा शासनाने निदान एवढे करावे : संयुक्त मोजणीचे पत्रक, झाडे-विहिरींच्या यादीसह, मूल्यांकनाला पाठवण्याआधी 15 दिवस चावडीवर लावावे, आणि भरपाईच्या पावतीवर 'हरकत राखून' हा पर्याय छापूनच द्यावा.

आपला,
भूसंपादन प्रकरणांत काम करणारा एक वकील,
जि. सोलापूर