काकूचा वाटा

खानापूर, 14 मे

प्रिय दोस्ता,

शिमग्यापासून तुला पत्र नाही. मागच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा घाईत आहे म्हणून ठेवला, पण घाई कसलीच नव्हती. तुझ्याशी बोलायचं धाडस होत नव्हतं. यंदा रानातल्या देवाच्या यात्रेतला काकूचा मटणाचा वाटा मी वाया घालवला.

घरी सगळे बरे. माझं बीपी आटोक्यात, गुडघा आहे तसाच.

मामा गेल्यापासून वाटे खाली आणायचं काम माझ्याकडे आलंय. यंदा 12 घरांचे मिळून 24 किलो झाले. त्यासाठी बेळगावातून 70 लिटरची सॅक घेतली होती. दुकानदार लिटर सांगत राहिला आणि मीही लिटरच बघत राहिलो. अरे, 24 किलो मटणाला 25 लिटर जागा पुष्कळ झाली! मटण जागा खात नाही, पाठ खातं.

वाटे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधले आणि सॅकमध्ये भरले. पहिल्या उतारालाच सगळं तळाशी बसलं. सॅक मागं ओढायला लागली, पट्टे खांद्यात रुतले, आणि नाल्यातल्या त्या चपट्या धोंड्यावर पाय सरकून मी उताणा पडलो. तोच धोंडा, जिथं मुंडी कुणी न्यायची यावरून आपण दोघं भांडलो होतो. (अजूनही सांगतो, मुंडी माझ्याच वाट्याची होती.) लागलं फार नाही. पण हेम्माडग्याला गाडी दोन तास उशिरा आली, आणि ऊन मी म्हणत होतं. घरी पिशव्या सोडल्या तर आत वाफ धरलेली, मटण हाताला कोमट, तळातलं तर बुळबुळीत. दोन पिशव्या टाकाव्या लागल्या. एक माझी, दुसरी काकूची.

काकूला सांगितलं, यंदा वाटे पुरले नाहीत. "असू दे बाळा, देवाला माझा नमस्कार घातलास न्हवं?" एवढंच म्हणाली. चुलीशेजारी कांदा-खोबऱ्याचं वाटण झाकून ठेवलेलं मला दिसलं. ते वाटण डोळ्यांपुढनं जात नाही रे.

मामाचं मटण कधी का नासलं नाही, ते आता कळतंय. पळसाच्या पानात बांधायचा, कावडीला टांगायचा. वारा लागत राहायचा. मला कावडीचा ठेका काही साधत नाही.

तू तिकडच्या, कॅनडातल्या अल्बर्टातल्या शिकारीचं सांगितलंस ना, लायसन काढून जायचं आणि खाण्याजोगं मांस रानात सोडून येणं गुन्हा, ते मला फार पटलं. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली, भीमगड 2011 ला अभयारण्य झालं. आज्याची बंदूक गेली ते बरंच झालं. पण रानातनं मांस पाठीवर आणायची विद्या तुम्हा लोकांकडे आहे, ती मला हवी. तुझ्या फोटोतली सॅक मोठी करून करून बघितली. मांस सॅकच्या पिशवीत नाही, फ्रेम म्हणजे सॅकचा सांगाडा आणि ती पिशवी यांच्या मध्ये, पाठीला चिकटून, वर खवाट्यांपाशी आवळलेलं. भार कमरपट्ट्यावर, खांद्यावर फक्त तोल. आणि मांस सुती पिशवीत, म्हणजे श्वास घेतं. हेच पाहिजे मला. खिसे, कप्पे, रंग, काही नको.

दिवाळीला येशील तेव्हा नुसती फ्रेम आणि कमरपट्टा आण. पैसे मी देणार, त्यावर वाद नको. हिनं टेपनं माप घेतलंय. मानेच्या मणक्याच्या टोकापासून कमरेच्या हाडापर्यंत साडेअठरा इंच. उंचीवरून अंदाज करू नकोस, पाठ मोजूनच फ्रेम घे. सुती पिशव्या इथंच शिवून घेतो, मांजरपाटाच्या.

वहिनींची नोकरी पक्की झाली का? छोटी चालायला लागली म्हणे, व्हिडिओ पाठव.

काकूला खरं मीच सांगणार आहे, येत्या सोमवारी. तोवर तू फोनवर काही बोलू नकोस.

तुझाच