बाबांच्या ऑपरेशनआधी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा बोलूच देत नाहीत, म्हणून लिहिते. "दुखत नाही, खुपत नाही, मग पोट कशाला फाडायचं?" बाबा, हे दुखणं फुटेपर्यंत बहुधा बोलतच नाही. पोटातली महाधमनी, म्हणजे रक्ताची मुख्य वाहिनी, साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते, तुमची फुग्यासारखी फुगून 6.1 झालीय. पुरुषांना 5.5 पासून ऑपरेशनचा सल्ला देतात. फुटली तर आपल्या गावाहून संभाजीनगर गाठणं अवघडच. तुम्ही वर्गात शिकवलेला आइन्स्टाइन 1955 साली यानंच गेला. त्यानं ऑपरेशन नाकारलं होतं, हे मला ऐकवू नका. तेव्हा त्याची धमनी फुटलेलीच होती.

जांघेतून स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, घालता येईल का, हेही विचारलं. तुमचा फुगा मूत्रपिंडाच्या धमन्यांना अगदी लागून सुरू होतो, स्टेंटला धरायला जागा नाही. म्हणून पोट उघडूनच.

आई, आता तुला सांगते. फुग्याच्या वर-खाली चिमटे लावून रक्त थांबवतात, आत कापडी नळी शिवतात. चार-पाच तास लागतील. आतून निरोप आला नाही म्हणून घाबरू नकोस. आयसीयूत बाबा ओळखू येणार नाहीत. तोंडात नळी, नाकात नळी, मानेत सुई, चेहरा सुजलेला. नळी ओढू नये म्हणून कदाचित हातही बांधलेले असतील. नळी काढल्यावर एखाद-दोन दिवस बरळतीलही; या वयात भूल आणि झोपमोडीनं होतं तसं. आखाड्यावरचे बैल सुटलेत म्हणाले तर वाद घालू नकोस. चष्मा लाव, कानातलं मशीन घाल, आज वार कोणता ते सांग. पाणी मागतील, पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत घोटभरसुद्धा द्यायचं नाही. आतडी जागी व्हायला वेळ लागतो. वारा सरला का, हे सगळे जण इतक्यांदा विचारतील की बाबा चिडतील. चिडू दे.

बाबा, बिडी आजपासून बंद. "कमी केलीय" चालणार नाही. फुगा वाढवणारी तीच आणि ऑपरेशननंतर छातीत कफ धरणारीही तीच. तीन छोट्या चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र पाठवलंय. त्यात फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. रोज करा.

हे रक्ताच्या नात्यात चालतं म्हणून दादाचीही सोनोग्राफी करून घेतली. नॉर्मल आहे.

येताना सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणा, रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ज्वारीची राखण दादा बघेल. आई, डिंकाचे लाडू आत्ताच बांधू नकोस, आधी पेज पचू दे.

तुमची लेक