सिस्टर, तुमचे जाहीर आभार

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

तुमचं घर आमच्या गल्लीतच आहे, मनातलं घरी येऊन सांगता आलं असतं. पण शाळेमागच्या बंगल्यात व्यसनमुक्ती केंद्र येणार म्हटल्यावर जे काही बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं, तेव्हा आभारही चारचौघांतच मानावेत असं वाटलं. नाव घातलं नाही. पाथर्डी फाट्याच्या या बाजूला नुसतं 'सिस्टर' म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं.

बातमी फुटली त्या आठवड्यात कॉलनीत दुसरा विषय नव्हता. भिंतीला भिंत लागून शाळा, पाचवीपासूनच्या मुली सायकलवर येतात, सुटायची वेळ संध्याकाळची. त्यात निवासी केंद्र, म्हणजे माणसं रात्रंदिवस तिथेच. महापालिकेला द्यायच्या निवेदनावर भराभर सह्या होत होत्या. या भीतीला कारण होतं, हे तुम्ही पहिल्यापासून मान्य केलंत. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आपल्या शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला, तेव्हापासून नाशिकमधल्या आईबापांच्या पोटात 'ड्रग्ज' हा शब्द ऐकूनच गोळा येतो. घाबरलेल्या आईला तुम्ही एकदाही अडाणी म्हटलं नाहीत. मंदिराच्या सभामंडपातल्या बैठकीत आवाज चढले तेव्हासुद्धा नाही.

त्या बैठकीत केंद्र चालवणारे गृहस्थ आले होते. सगळे त्यांना एकच विचारत होते: रुग्ण बाहेर पडले तर? कुंपण किती उंच? गेटला कुलूप असणार ना? तुम्ही उठलात आणि विचारलंत, "रात्री ड्यूटीला कोण असणार?"

क्षणभर कुणाला त्या प्रश्नाचा रोख कळलाच नाही. मग तुम्ही सांगितलंत. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होऊ लागतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. हे सगळं रात्री दोन वाजता झालं तर तिथे नर्स असणार की नुसता वॉचमन? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येणार? जवळच्या कुठल्या हॉस्पिटलशी बोलणं झालंय? त्या गृहस्थांनी काही उत्तरं लगेच दिली, काहींसाठी वेळ मागितला. बैठकीचा नूर तिथेच पालटला. तोवर आत राहणाऱ्यांपासून आपल्याला काय धोका, एवढंच चाललं होतं. आतल्या माणसाचं काय होणार हे पहिल्यांदा तुम्ही बोललात.

माझ्यासाठी तो प्रश्न फार जवळचा होता. माझ्या धाकट्या भावाचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याला विचारूनच इथे लिहितेय. दारू सुटावी म्हणून आम्ही त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका केंद्रात ठेवलं होतं. तिथे आल्या आल्या त्याचं डोकं भादरलं. घरच्यांशी फोन बंद. जेवण उष्टं टाकलं म्हणून रात्रभर उभं केलं. तो घरी परतला तेव्हा पिण्यापेक्षा माणसांनाच जास्त घाबरत होता. पुढे त्याला नीट उपचार मिळाले आणि आज तो स्वतःच्या द्राक्षबागेत उभा आहे, पण त्या पहिल्या केंद्राबद्दल त्याने आईला अजून सांगितलेलं नाही. बैठकीआधी मी हे तुमच्यापाशी बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, "सगळ्यांसमोर तू काही सांगू नकोस. मी प्रश्न विचारते, त्यात तुझ्या भावाचं सगळं येईल." आणि खरंच आलं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुम्ही आम्हाला बसवून समजावलात. तो २०१८ पासून लागू आहे हे आमच्यातल्या वकिलांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून होणारे मानसिक विकार त्यात येतात, म्हणून असे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी. सक्तीने डोकं भादरायला बंदी. स्वतःहून दाखल झालेल्याला कुलूप लावून डांबून ठेवता येत नाही. कुणी स्वतः निर्णय घ्यायच्या स्थितीत नसेल तर नातेवाइकाने आणून सोडलं एवढ्यावर भागत नाही. तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मुदत आधी तीस दिवसांची. तक्रार कुणाकडे करायची त्या मंडळाचा पत्ता-फोन केंद्रात दिसेल असा लावावा लागतो. हे ऐकताना मला भावाचं ते केंद्र कलमाकलमाने आठवत होतं.

आणि याच कायद्यात माणसाला समाजात, समाजाबरोबर राहण्याचा हक्क दिलाय हेही तुम्ही वाचून दाखवलंत. "गावाबाहेर न्या" असं म्हणणाऱ्यांना तुम्ही पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण दिलंत. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ते येरवड्यात, भर शहरात सुरू केलं. गावाबाहेर जिथे कुणाची नजर पोचत नाही, तिथेच मारहाण खपते, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. वस्तीत असलेल्या केंद्रावर वस्तीचं लक्ष राहतं.

पण सगळ्यात जास्त आभार मला एका वाक्याचे मानायचे आहेत. कुणीतरी तावातावाने म्हणालं, "आमच्या मुलांनी हे गर्दुल्ले रोज बघायचे का?" तेव्हा तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "या शाळेतली काही मुलं ते रोज घरी बघतात. त्यांचे वडील बरे व्हायला कुठे जाणार?" देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे, हे केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात आहे. आपली कॉलनी, अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी आपली घरं या आकड्याच्या बाहेर नाहीत. दुसऱ्या दिवशी एक बाई तुमच्या दाराशी आल्या. त्या कोण हे तुम्ही मलाही सांगितलं नाहीत, आणि तेच योग्य आहे.

शाळेच्या गेटसमोरच्या टपरीचा विषयही तुम्हीच काढलात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद. तरी तिथे पुड्या लटकत होत्या. मुख्याध्यापकांना घेऊन तुम्ही स्वतः अर्ज दिलात आणि टपरी हलली.

सगळ्यांचं एकमत झालं असं नाही. कोपऱ्यावरचे आजोबा अजूनही विरोधात आहेत, त्यांच्या नातीची त्यांना काळजी आहे. तुम्ही संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसता आणि त्यांचं ऐकून घेता. केंद्राचं गेट शाळेच्या बाजूला नको, मागच्या रस्त्याला हवं, ही अट त्यांचीच, आणि ती मान्य झाली. शाळा सुटायच्या वेळेत भेटीची वेळ नसणार, नोंदणी हातात येईपर्यंत एकही रुग्ण दाखल होणार नाही, रात्रपाळीला नर्स असणार, आणि दर तीन महिन्यांनी शाळा, पालक आणि केंद्र एकत्र बसणार, असं लेखी झालंय. सह्यांचं ते पहिलं निवेदन मागे घेतलं गेलं.

सिस्टर, निवृत्तीनंतर तुम्हाला शांतपणे राहता आलं असतं. बैठकीनंतर काही घरांनी तुमच्याशी बोलणं तोडलं, हे मी पाहिलंय. तरी तुम्ही मागे हटला नाहीत. माझ्या भावासारख्या, स्वतः बोलू न शकणाऱ्या माणसांच्या वतीने तुम्ही बोललात. त्याच्याकडून आणि माझ्याकडून मनापासून धन्यवाद.

तिमाही बैठकीसाठी पालकांच्या वतीने मी नाव दिलंय. पहिल्या बैठकीला तुम्ही माझ्या शेजारी बसाल ना? काय काय तपासायचं ते मला अजून तुमच्याकडून शिकायचंय.

तुमची,
गल्लीतलीच एक, सातवीतल्या मुलीची आई