बाटा की अर्ल? तुझ्या रूममेटला माझं उत्तर

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा ऑफिसातून येताना गाडीवर, तेव्हा अर्धा वाऱ्यात गेला, मग घरी येऊन नीट ऐकला, आणि रात्री जेवण झाल्यावर परत एकदा, कारण मागे तुझा तो फिलिपिनो रूममेट जे "बाटा, बाटा" ओरडत होता ते मला पुन्हा ऐकायचं होतं. मेसेजमध्ये उत्तर द्यायला बसलो आणि दहा ओळी टाइप करून पुसल्या. म्हटलं हे असं दोन वाक्यांत उरकायचं प्रकरण नाही, नीट पत्रच लिहू. तेव्हा चहा घे आणि वाच.

तू विचारलंस की नाइन-बॉलमधला, म्हणजे पूलच्या त्या नऊ बॉलच्या प्रकारातला, आजवरचा सगळ्यात भारी प्लेअर कोण. तुझा रूममेट म्हणतो त्यांचा एफ्रेन रेयेस, म्हणजेच "बाटा", आणि विषय संपला. आता तुला माहितीये माझं आणि रेयेसचं काय आहे ते. कॉलेजात आपण तासाच्या हिशोबाने पैसे भरून त्या तळघरातल्या पार्लरमध्ये खेळायचो तेव्हा माझ्या मोबाईलच्या वॉलपेपरवर तोच होता. पण तू "पूल" नाही विचारलंस, "नाइन-बॉल" विचारलंस, आणि गेले चार दिवस मी त्या एका शब्दाशी झटतोय. कारण प्रश्न फक्त नाइन-बॉलचा असेल तर माझं उत्तर रेयेस नाही. अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलँड आहे. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण आहे ते आहे.

थांब, लगेच फोन करू नकोस, आधी पूर्ण वाच.

आधी रूममेटची बाजू मांडतो, कारण ती मला त्याच्याइतकीच जवळची आहे. रेयेस फिलिपिन्समधल्या पांपांगाचा, १९५४ चा जन्म. लहानपणी मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला, टेबलापर्यंत हात पोचायचे नाहीत म्हणून कोका-कोलाच्या क्रेटवर उभा राहून खेळायचा, आणि रात्री त्याच टेबलावर झोपायचा. "बाटा" म्हणजे त्यांच्या भाषेत पोरगा, तिथे आधीच एक मोठा एफ्रेन होता म्हणून ह्याला ते नाव पडलं. १९८५ ला अमेरिकेत पहिल्यांदा गेला तेव्हा त्याचं नाव आधीच तिकडे पोचलेलं होतं, खरं नाव सांगितलं तर कोणी पैसे लावून खेळणार नाही, म्हणून सेझार मोरालेस नावाने ह्यूस्टनची स्पर्धा खेळला आणि जिंकला! १९९४ ला यूएस ओपन (टेनिसची नव्हे, नाइन-बॉलची) जिंकली, अमेरिकेबाहेरच्या माणसाने ती जिंकायची ही पहिलीच वेळ. १९९९ ला कार्डिफमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, फायनल १७-८. शिवाय पूलच्या दुसऱ्या प्रकारांत, २००४ ला एट-बॉलचा वर्ल्ड चॅम्पियन, वन-पॉकेटमध्ये तर त्याच्या आसपास कोणी नाही.

आणि तो शॉट. आपण दोघांनी किती वेळा बघितलाय तो व्हिडिओ. रीनो, १९९५, समोर अर्लच, स्कोअर १२-१२, म्हणजे ही शेवटची रॅक (एक डाव) घेईल तो जिंकला. अर्लने सेफ्टी खेळून, म्हणजे मुद्दाम समोरच्याला अडवून, पांढरा बॉल असा लपवलाय की पाच नंबरला, ज्याला नियमाने आधी लागलंच पाहिजे, सरळ मारायला जागाच नाही. दुसरा कोणी असता तर कसाबसा पाचला स्पर्श करायचा प्रयत्न केला असता, म्हणजे निदान फाउल तरी वाचतो. हा माणूस वाकतो, दोन कुशन, म्हणजे टेबलाच्या कडा, वापरून पांढरा इंग्रजी झेडसारखा फिरवतो, पाच नंबर पॉकेटमध्ये, आणि पांढरा जाऊन थांबतो कुठे तर सहाच्या मागे, जिथून सहा सोपा आहे. उरलेली रॅक साफ, मॅच खिशात. आपल्याकडे कॅरममध्ये असा डबल रिबाउंड कोणाला लागला तर बाकीचे बोर्डवर हात मारतात ना, तसं मी एकट्याने खोलीत ओरडलो होतो.

पण इथेच मला काय वाटतं ते सांगतो. तो शॉट आपल्याला आठवतो कारण रेयेस अडचणीत होता. रेयेसचं मोठेपण अडचणीत दिसतं. कुठेही अडकवा, कशातही कोंडा, तो वाट काढणार. आणि नाइन-बॉल हा खेळ मुळात अडचणीत न पडण्याचा आहे.

तुझ्या ऑफिसातल्या ज्यांना खेळ माहीत नाही त्यांना तू काय सांगतोस मला माहीत नाही, मी कॅरमवरून सांगतो. कॅरममध्ये आपल्या रंगाची कुठलीही सोंगटी आधी घ्या, कोणी विचारत नाही. इथे एकपासून नऊपर्यंत बॉल, टेबलावर जो सगळ्यात लहान नंबर आहे त्यालाच पांढरा आधी लागला पाहिजे, आणि नऊ ज्याने घातला त्याची रॅक, मग आधीचे आठ कोणीही घातलेले असोत. म्हणजे दोन घालताना तीनकडे जायची सोय करायची, आणि तीन असा घालायचा की चारची बाजू बरोबर मिळेल. बॉल घालणं हे अर्धंच काम, पांढरा कुठे थांबवायचा हे खरं काम. पॉकेट बऱ्यापैकी मोठे, बॉल नऊच, त्यामुळे टॉपचे लोक एकदा लयीत आले की समोरचा खुर्चीत बसून फक्त बघतो. ब्रेक (रॅक फोडायचा पहिला शॉट) मार, साफ कर, परत ब्रेक मार. नाइन-बॉलचा कणा हा आहे.

आणि ह्यात अर्लसारखा माणूस झालेला नाही. १९९६ ला डॅलसमध्ये एक स्पर्धा होती, सलग दहा रॅक जो ब्रेकपासून नऊपर्यंत साफ करेल त्याला दहा लाख डॉलर. आयोजकांनी इन्शुरन्स काढून ठेवला होता, म्हणजे होणार नाही असंच धरलेलं. अर्लने सलग अकरा केल्या! अकरा वेळा ब्रेकवर काहीतरी पडलं पाहिजे, एक नंबर दिसला पाहिजे, एकदाही पांढरा पॉकेटमध्ये जाता कामा नये, एकदाही चुकता कामा नये. माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी रन सलग दोन रॅकची आहे आणि दुसऱ्या रॅकच्या सात नंबरपासून माझे हात थरथरत होते, तू होतास तिथे.

आता आकडे. यूएस ओपन पाच वेळा, १९८४, १९८७, १९९३, १९९७ आणि २०००. वर्ल्ड चॅम्पियन तीन वेळा, १९९०, १९९१, २००२. पहिली यूएस ओपन आणि शेवटचं वर्ल्ड टायटल ह्यात अठरा वर्षं गेली लेका. पहिल्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, शेवटच्या वेळी एक्केचाळीस. रेयेसकडे ह्या दोन्हीतली एकेक.

तुझा रूममेट इथे बरोबर आडवा येईल आणि त्याचं म्हणणं मला पटतं सुद्धा. यूएस ओपन अमेरिकेत, अर्ल नॉर्थ कॅरोलायनाचा, गाडी काढली की पोचला. रेयेसला समुद्र ओलांडून जायचं, तिकिटाला स्पॉन्सर शोधायचा. वर्ल्ड चॅम्पियनशिपच सुरू झाली १९९० ला, तेव्हा रेयेस पस्तिशी पार केलेला. त्याचं तरुणपण मनिलाच्या हॉलमध्ये पैशाच्या मॅचेस खेळण्यात गेलं, त्याची कुठे नोंद नाही. मोस्कोनी कप ही टीमची स्पर्धा अमेरिका विरुद्ध युरोप, त्यात फिलिपिन्सला जागाच नाही. म्हणजे नुसत्या कपाटातल्या ट्रॉफ्या मोजून रेयेसला खाली ढकलणं अन्याय आहे, हे मी मान्य करतो, आणि म्हणून मी आकड्यांवर थांबत नाही.

दोघं समोरासमोर आले तेव्हाचं बघू. हाँगकाँग, १९९६, तीन दिवस, जो आधी १२० रॅक घेईल तो जिंकला, एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. नाइन-बॉलमध्ये नशीब फार चालतं असं म्हणतात ना, कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्या बॉलच्या धक्क्याने, चुकून नऊ पडला तरी रॅक तुमची, पण १२० च्या रेसमध्ये नशीब दोन्हीकडे सारखं वाटलं जातं, उरतो तो खेळ. रेयेस मागे पडला होता, तिथून ओढत आणली आणि १२०-११७ ने जिंकला. तुझा रूममेट म्हणेल, झालं की मग! पण २३७ रॅक झाल्या आणि फरक तीन रॅकचा. तीन! मला ह्या मॅचमधून एवढंच कळतं की ज्या माणसाला आपण जादूगार म्हणतो, त्याच्याशी तीन दिवस खांद्याला खांदा लावून कोणी उभा राहिला तर तो अर्ल. आणि त्या एका मॅचच्या अलीकडे पलीकडे मिळून पंधरा-वीस वर्षांचं नाइन-बॉल बघितलं तर माझा काटा अर्लकडे झुकतो.

लोकांना अर्ल आवडत नाही हे खरं. प्रेक्षकांशी भांडतो, रेफरीशी वाद घालतो, कुणी खोकलं तरी वळून बघतो. रेयेस हसतो, डोकं खाजवतो, चुकला तर स्वतःवर हसतो, त्यामुळे प्रेम सगळं त्याच्याकडे जातं, माझंही गेलं. पण अर्लचा स्ट्रोक आवाज बंद करून बघ एकदा, मी सांगतो म्हणून बघ. चेहरा नको बघू, फक्त उजवा हात आणि पांढरा बॉल. क्यू (काठी) मागे जाते तेव्हा घाई नाही, पुढे येते तेव्हा अडखळत नाही, आणि पांढरा बॉल लांबच्या कुशनला लागून परत येताना जणू कुणी दोरीने ओढतंय असा येतो. रागावलेल्या माणसाचा हात इतका शांत कसा राहतो हे मला अजून कळलेलं नाही.

२००२ ची कार्डिफची फायनल मात्र मला धड बघवत नाही. समोर फ्रान्सिस्को बुस्तामांते, रेयेसचा जिगरी. स्पर्धा चालू असताना त्याची तान्ही मुलगी गेली. तरी तो खेळत राहिला, फायनलपर्यंत आला, आणि १७-१५ ने अर्लकडून हरला. बुस्तामांते पुढे २०१० ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, तुझ्याच दोह्यात. तेव्हा मला वाटलं की काहीतरी परत मिळालं त्याला. रूममेटला ह्याबद्दल विचार, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

बायकांचं बोलायचं तर ॲलिसन फिशर, तिथे मला फार वाद दिसत नाही. इंग्लंडची, सतराव्या वर्षी स्नूकरमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, मग १९९५ ला अमेरिकेत येऊन नाइन-बॉलला हात घातला आणि चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन.

राहिला अमेरिकेचा शेन व्हॅन बोनिंग, तुझा माणूस. २०१६ ला तू दोह्यात ती फायनल बघायला गेलास आणि शेन ऑस्ट्रियाच्या अल्बिन ऊशानकडून १३-६ हरला तेव्हा रात्री किती वाजता फोन केला होतास आठवतंय? मग २०२२ ला मिल्टन कीन्समध्ये त्याच ऊशानला त्याच १३-६ ने हरवून तो वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि ह्यावेळी फोन मी केला. यूएस ओपन त्याच्याही पाच, त्यातल्या २०१२, १३, १४ सलग. जन्मापासून नीट ऐकू येत नाही, आणि आजची फील्ड बघ, तैवान, पोलंड, स्पेन, अल्बेनिया, कुठून कुठून पोरं येतात, पहिल्या राउंडपासून घाम फुटतो. कुणी मला म्हणालं की ह्या गर्दीत पाच म्हणजे तेव्हाच्या सातच्या बरोबर, तर मी भांडणार नाही. पण वर्ल्ड टायटल एकच. त्याने अजून एक घेतलं तर मी हे पत्र फाडून नवीन लिहीन, शब्द देतो.

तर रूममेटला असं सांग. क्यू हातात देऊन कुठलाही खेळ लावा, आयुष्य पणाला लावून एकाच माणसाला खेळायला पाठवायचं असेल तर मी बाटाला पाठवीन, डोळे मिटून. पण रॅकमध्ये नऊ बॉल असतील, ब्रेक आपला असेल आणि टेबल मोकळं असेल तर अर्ल. तो चिडला तर चिडू दे, पण त्याला हेही सांग की हे लिहिणाऱ्याच्या भिंतीवर अजून बाटाचाच फोटो आहे, आणि तो उतरणार नाही.

आणि एक काम कर माझं. इथे आता घराजवळ एक पार्लर झालंय, दुपारी रिकामं असतं, मालक चांगला आहे, मला एकट्याला खेळू देतो. गेले दोन रविवार मी तो झेडवाला शॉट मांडून मारतोय. पाचला लागतो आता, दहातून दोनदा वगैरे, एकदा पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला सुद्धा. पण पांढरा सहाकडे काही केल्या येत नाही, प्रत्येक वेळी भलतीकडेच जातो. व्हिडिओ जुना आहे, माझ्या स्क्रीनवर सगळं धूसर दिसतं, सहा नंबर कुशनपासून किती लांब होता ते कळत नाही. रूममेटला नक्की पाठ असेल. त्याला एका कागदावर टेबल काढून बॉल मांडून दाखवायला सांग, आणि फोटो काढून पाठव. रविवारच्या आत पाठव.

तुझाच,
मी